विजेची मोटार आणि उबेचा हिशेब

मूर्तिजापूरहून अंजनगाव सुर्जीमार्गे अचलपूरला जाणारी नॅरोगेज गाडी वऱ्हाडात 'शकुंतला' या लाडक्या नावाने ओळखली जात असे. १५ एप्रिल १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर धावली आणि त्यानंतर तिला डिझेल इंजिन मिळाले. पौषातल्या पहाटे सातपुड्याकडून गार वारा सुटला, की डब्यातले प्रवासी कानाला मफलर गुंडाळून बसत. इंजिनावरच्या ड्रायव्हरला आणि फायरमनला मात्र थंडीची तक्रार करायला जागा नव्हती. त्यांच्यापुढे भट्टी धगधगत असे.

या भट्टीची ऊब फुकट मिळत होती. ती का मिळत होती, हे समजून घेतले तर आज नॉर्वे, कॅनडा किंवा अमेरिकेच्या थंड भागात विजेच्या मोटारीपुढे उभा राहिलेला एक प्रश्न नीट समजतो. तो प्रश्न असा: बाहेर उणे २० अंश सेल्सिअस तापमान असताना विजेच्या मोटारीत ऊब आणायची कोठून?

हा प्रश्न वर्गात येणारच. गावोगावची मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी थंड देशांत गेली आहेत. 'तिकडे हिवाळ्यात विजेच्या गाड्या बंद पडतात' अशी बातमी घरी फोनवरून पोहोचते. जानेवारी २०२४ मध्ये शिकागोत उणे २० अंशांच्या आसपास थंडी पडली, तेव्हा चार्जिंग केंद्रांवर ताटकळलेल्या मोटारींची चित्रे जगभर दाखवली गेली. त्यावरून 'विजेची गाडी थंडीत निरुपयोगी' असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण त्याच वर्षी नॉर्वेसारख्या थंड देशात विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे ८९ टक्के मोटारी विजेच्या होत्या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांचा मेळ घालायचा तर थोडे भौतिकशास्त्र आणि थोडे अंकगणित करावे लागेल. दोन्ही आठवी-नववीच्या आवाक्यातले आहे.

उधळ्या इंजिनाची देणगी

वाफेच्या रेल्वे इंजिनात कोळशाच्या उष्णतेपैकी दहावा हिस्साही गाडी ओढण्याच्या कामी येत नसे. बाकीची उष्णता धुराड्यातून, वाफेतून आणि तापलेल्या लोखंडातून हवेत जाई. ड्रायव्हरला मिळणारी ऊब ही या उधळपट्टीतलीच होती.

पेट्रोलचे इंजिन यापेक्षा बरे, पण तेही उधळेच. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण ९ युनिट ऊर्जा मिळते. (युनिट म्हणजे आपल्या विजेच्या बिलावरचेच युनिट, एक किलोवॅट-तास.) शंभर किलोमीटरला सहा लिटर पेट्रोल पिणारी मोटार त्या अंतरात ५४ युनिट ऊर्जा वापरते. यातली चाकांपर्यंत पोहोचते जेमतेम १२ युनिट. उरलेली ४२ युनिट उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतात, काही धुराच्या नळीतून आणि काही रेडिएटरमधून. थंड देशात रेडिएटरकडे जाणारे गरम पाणी वाटेत एका छोट्या जाळीतून फिरवतात आणि तिच्यावरून पंख्याने हवा आत सोडतात. झाला हीटर! त्यासाठी पेट्रोल वेगळे खर्चावे लागत नाही.

विजेची मोटार तेवढेच अंतर सुमारे १५ युनिटांत कापते. त्यांतली १२ ते १३ युनिट चाकांना मिळतात आणि वाया जातात फक्त दोन-अडीच. म्हणजे पेट्रोलची मोटार जेवढी उष्णता वाया घालवते, तिच्या वीस भागांतला एखादा भागच येथे वाया जातो. हा या मोटारीचा मोठा गुण आहे. पण थंडीत पंचाईत होते ती याच गुणामुळे. वाया काही जातच नाही, तर शेकायचे कशावर?

दुसरीही एक अडचण आहे. चाळीस लिटरच्या टाकीत ३६० युनिट ऊर्जा मावते, तर मध्यम आकाराच्या विजेच्या मोटारीच्या बॅटरीत साधारण ४० ते ६० युनिट. शिदोरी लहान असली, की तीतून जाणारा प्रत्येक घास मोजावा लागतो.

ऊब लागते तरी किती?

बाहेर उणे २० अंश आहे आणि आत २० अंश हवे आहे, असे धरू. फरक ४० अंशांचा. मोटारीच्या काचा आणि पत्रा यांतून उष्णता सतत बाहेर झिरपते. शिवाय आतली हवा बदलावी लागते. हवा कोंडून ठेवली, तर माणसांच्या श्वासातली वाफ काचांवर जमते आणि समोरचे दिसेनासे होते.

ताजी हवा ताशी २०० घनमीटर घेतली तर? उणे २० अंशांना एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.४ किलोग्रॅम असते. म्हणजे तासाला २८० किलोग्रॅम हवा तापवायची. एक किलोग्रॅम हवेचे तापमान एका अंशाने वाढवण्यासाठी सुमारे एक किलोज्यूल लागते. म्हणून २८० गुणिले ४०, म्हणजे ११,२०० किलोज्यूल झाले. एक युनिट म्हणजे ३,६०० किलोज्यूल. तेव्हा तासाला तीन युनिटांहून थोडे अधिक नुसत्या हवेसाठी गेले. काचा आणि पत्रा यांतून जाणाऱ्या उष्णतेसाठी आणखी दोन धरले, की तासाला पाच युनिट होतात. हजार वॅटच्या पाच इस्त्र्या एकाच वेळी चालू ठेवाव्यात, असा हा प्रकार आहे.

आता ही बेरीज प्रवासात मांडू. मोटारीत ४५ युनिटांची बॅटरी आहे आणि शंभर किलोमीटरला १५ युनिट लागतात. हीटर बंद असेल तर ती ३०० किलोमीटर जाईल. हीटर चालू करून ताशी ५० किलोमीटर वेगाने गेलो, तर शंभर किलोमीटरला दोन तास लागतील आणि त्या दोन तासांत हीटर १० युनिट घेईल. खर्च १५ वरून २५ युनिटांवर गेला. मोटार १८० किलोमीटरवर थांबेल.

शहराच्या गर्दीत वेग ताशी २५ किलोमीटर असेल, तर शंभर किलोमीटरला चार तास लागतात. हीटरचेच २० युनिट होतात आणि पल्ला १३० किलोमीटरच्या खाली येतो. मोकळ्या रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर वेग ठेवला तर हीटरचे जेमतेम सव्वासहा युनिट होतात. (वेगाबरोबर हवेचा विरोध बदलतो, तो येथे सोयीसाठी सोडून दिला आहे.) यातून मुलांच्या लक्षात एक गोष्ट येईल. चाकांचा खर्च किलोमीटरवर मोजला जातो, तर हीटरचा खर्च घड्याळावर. म्हणून थंडीत रखडणारा प्रवास महाग पडतो.

प्रत्यक्ष चाचण्यांतही हेच दिसले. अमेरिकेतील 'ट्रिपल ए' या मोटारचालकांच्या संघटनेने २०१९ साली पाच विजेच्या मोटारी प्रयोगशाळेत तपासल्या. उणे ६.७ अंश तापमानात हीटर न लावता पल्ला सरासरी १२ टक्क्यांनी घटला, तर हीटर लावल्यावर ४१ टक्क्यांनी. म्हणजे मोठा वाटा थंडीने बॅटरीवर केलेल्या परिणामाचा नव्हता, तर माणसांच्या उबेचा होता. नॉर्वेतील मोटार संघटनेने २०२० च्या हिवाळ्यात वीस मोटारी खऱ्या रस्त्यांवर पळवल्या. तेथे सरासरी घट सुमारे साडेअठरा टक्के भरली. मोटारी, रस्ते आणि थंडी वेगळी असली की आकडे वेगळे येतात, हेही मुलांना सांगावे.

निर्माण करावी की उपसून आणावी?

विजेपासून उष्णता मिळवण्याचा सरळ मार्ग म्हणजे रोध असलेल्या तारेतून वीज वाहू देणे. इस्त्री, गीझर, शेगडीची कॉइल ही सगळी याच तत्त्वावर चालतात. विजेच्या मोटारींतही सुरुवातीला असेच हीटर होते आणि कित्येक मोटारींत आजही आहेत. एक युनिट वीज दिली की एक युनिट उष्णता मिळते. कार्यक्षमता शंभर टक्के! यापेक्षा चांगले काही असू शकेल का?

असू शकते. शेतकरी मोटेने किंवा पंपाने विहिरीचे पाणी वर आणतो, तेव्हा तो पाणी तयार करीत नाही. पाणी खाली असतेच. ते उचलण्यापुरती ऊर्जा त्याला खर्च करावी लागते. तसेच उष्णतेचेही करता येते. बाहेरच्या हवेत जी उष्णता आहे, ती उपसून आत आणायची. अशा यंत्राला उष्णता पंप म्हणतात.

हे यंत्र आपल्या ओळखीचे आहे. फ्रिजच्या मागे किंवा बाजूला हात लावून पाहा. तेथे ऊब लागते. फ्रिजच्या आतल्या दुधातून आणि भाजीतून काढलेली उष्णता आणि कॉम्प्रेसरला दिलेली वीज, या दोन्ही तेथे बाहेर पडत असतात. एसीचेही तसेच. खोलीतली उष्णता तो बाहेरच्या पेटीतून रस्त्यावर टाकतो. हाच एसी उलटा बसवला तर तो बाहेरची उष्णता खोलीत टाकील. मोटारीत यंत्र उलटे बसवावे लागत नाही. झडपांनी आतल्या द्रवाचा मार्ग बदलला की काम भागते.

यंत्राचे काम चार पायऱ्यांत चालते. अतिशय कमी तापमानाला उकळणारे एक शीतक बाहेरच्या जाळीत सोडतात. तेथे ते थंडगार हवेतूनही उष्णता घेऊन उकळते आणि त्याची वाफ होते. कॉम्प्रेसर ही वाफ दाबतो, त्यामुळे ती तापते. सायकलचा पंप मारताना त्याचे टोक गरम होते, तसेच. ही गरम वाफ आतल्या जाळीत येते, उष्णता आतल्या हवेला देते आणि पुन्हा द्रव होते. शेवटी तो द्रव एका बारीक छिद्रातून कमी दाबाच्या बाजूला सोडला, की तो एकदम गार होतो आणि फेरा पुन्हा सुरू होतो.

ही कल्पना नवी नाही. उष्णतेची यंत्रे जास्तीत जास्त किती काम देऊ शकतात, हे फ्रान्सच्या सादी कार्नो यांनी १८२४ साली दाखवून दिले. पुढे १८५२ साली विल्यम थॉमसन, म्हणजेच लॉर्ड केल्व्हिन, यांनी असे यंत्र उलटे चालवून इमारती उबदार ठेवता येतील आणि त्यात इंधनही वाचेल, असे मांडले. मोटारीपर्यंत ही कल्पना यायला दीडशे वर्षांहून अधिक काळ लागला. पेट्रोलच्या मोटारीला तिची गरजच नव्हती! निसान कंपनीच्या 'लीफ' या विजेच्या मोटारीच्या २०१३ सालच्या नमुन्यात उष्णता पंप आला, टेस्लाने २०२० च्या 'मॉडेल वाय'मध्ये तो बसवला, आणि आज थंड देशांत विकल्या जाणाऱ्या अनेक विजेच्या मोटारींत तो असतो.

उणे वीस अंशांच्या हवेत कसली उष्णता?

येथे मुले हमखास अडतात. बर्फापेक्षाही गार हवेत उष्णता असेल कशी? याचे कारण म्हणजे सेल्सिअसचे शून्य. ते पाण्याच्या गोठण्याशी बांधलेले आहे, उष्णतेच्या अभावाशी नाही. खरे शून्य उणे २७३ अंशांना आहे. त्या शून्यापासून मोजले, तर २० अंश म्हणजे २९३ केल्व्हिन आणि उणे २० म्हणजे २५३ केल्व्हिन. दोहोंत फरक चौदा टक्क्यांच्याही आत आहे. उणे २० अंशांच्या हवेतले रेणूही चांगलेच धावत असतात.

फ्रिजच्याच उदाहरणाने हे पटवता येईल. बर्फकप्प्यात उणे १० अंशांवर आलेला बर्फ आणखी गार होऊन उणे १८ अंशांवर जातो. म्हणजे उणे १० अंशांच्या बर्फातूनही काढून घेण्याजोगी उष्णता होती!

एक युनिट वीज देऊन किती युनिट उष्णता आत आणता येते, याला आपण पंपाचा गुणांक म्हणू. कार्नो यांच्या नियमानुसार त्याची कमाल मर्यादा काढणे सोपे आहे. गरम बाजूचे केल्व्हिन तापमान घ्यावे आणि दोन बाजूंच्या तापमानांतील फरकाने त्याला भागावे. गरम जाळी ५० अंशांवर, म्हणजे ३२३ केल्व्हिन, आहे असे धरू. बाहेर ० अंश असेल तर फरक ५० आणि मर्यादा ६.५ येते. बाहेर उणे २० असेल तर फरक ७० आणि मर्यादा ४.६. खरी यंत्रे या मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत पोहोचतात. म्हणजे शून्याच्या आसपास गुणांक अडीच-तीन मिळतो आणि उणे २० ला दीड-दोन. विहीर जितकी खोल, तितके पाणी उपसणे जड. तसेच येथेही.

आपल्या मोटारीत गुणांक २ धरला, तर तासाला ५ युनिट उष्णतेसाठी अडीच युनिटच वीज लागेल. ताशी ५० किलोमीटर वेगाला शंभर किलोमीटरचा खर्च २५ वरून २० युनिटांवर येईल आणि पल्ला १८० वरून २२५ किलोमीटर होईल.

पण पंप सर्वशक्तिमान नाही. मोटारींच्या एसीत वर्षानुवर्षे वापरलेले 'आर-१३४ ए' हे शीतक साध्या दाबाला उणे २६ अंशांना उकळते. बाहेरची हवाच तितकी गार असेल, तर ते उकळणार कसे? म्हणून अतिथंड हवेत पंप हतबल होतो आणि साधा हीटर मदतीला घ्यावा लागतो. शून्याच्या आसपास आणि हवा दमट असताना वेगळीच अडचण येते. बाहेरच्या जाळीवर हिम धरते आणि ते वितळवण्यासाठी पंपाला मधूनमधून थांबावे लागते. काही मोटारींत शीतक म्हणून कार्बन डायऑक्साइड वापरतात. तो अधिक थंडीत काम करतो, पण त्यासाठी फार मोठा दाब सोसणाऱ्या नळ्या लागतात. युरोपातील काही विजेच्या बसमध्ये तर ऊब आणण्यासाठी डिझेलचा छोटा हीटर बसवलेला असतो. बस विजेची आणि शेकोटी डिझेलची!

बॅटरीलाही थंडी वाजते

थंडीत आपल्याकडे खोबरेल तेल बाटलीत गोठते आणि बाटली उन्हात ठेवावी लागते. लिथियम बॅटरीत विद्युतभारित कण, म्हणजे आयन, एका द्रवातून इकडून तिकडे जातात. कडाक्याच्या थंडीत हा द्रव दाट होतो आणि आयनांची चाल मंदावते. इलेक्ट्रोडवरील रासायनिक क्रियाही सावकाश होतात. बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो आणि काही ऊर्जा तेथेच अडते. लोह-फॉस्फेट प्रकारच्या बॅटऱ्यांत हा परिणाम अधिक जाणवतो. पण ही ऊर्जा नाहीशी झालेली नसते. बॅटरी उबदार झाली की ती पुन्हा हाती येते.

चार्जिंगच्या वेळी मात्र धोका वेगळा असतो. चार्ज होताना लिथियमचे आयन ग्राफाइटच्या थरांत शिरतात. गोठणबिंदूखाली ते भरभर शिरू शकत नाहीत. जबरदस्तीने वीज ढकलली तर ते बाहेरच धातूच्या रूपात जमतात. यामुळे बॅटरीची कायमची हानी होते आणि ती धोकादायकही ठरू शकते. म्हणून मोटारीतली नियंत्रणप्रणाली गार बॅटरीला वीज हळूहळू घेऊ देते किंवा आधी तिला तापवते. शिकागोत २०२४ साली रांगा लांबल्या, त्यामागे हे एक मोठे कारण होते. गारठलेल्या बॅटरीला चार्जिंगला नेहमीपेक्षा पुष्कळ वेळ लागतो आणि प्रत्येकाला वेळ लागला की मागचे सगळे खोळंबतात.

बॅटरी तापवायला किती ऊर्जा लागते? ४०० किलोग्रॅमची बॅटरी, एका किलोग्रॅमला एका अंशासाठी सुमारे एक किलोज्यूल, आणि उणे २० पासून १० अंशांपर्यंत ३० अंशांची वाढ. उत्तर येते १२,००० किलोज्यूल, म्हणजे ३.३ युनिट. ही युनिटे बॅटरीतून न घेता घरच्या विजेच्या जोडणीतून घेतली, तर पल्ला वाचतो. म्हणूनच थंड देशांतले जाणकार लोक निघण्यापूर्वी, मोटार जोडणीवर असतानाच, ती आणि तिची बॅटरी तापवून घेतात. नॉर्वेत विजेच्या मोटारी रुजल्या, त्यात घराजवळ चार्जिंगची सोय आणि ही सवय यांचा वाटा आहे.

रसायनशास्त्रातही शोध चालू आहे. लिथियमऐवजी सोडियमचे आयन वापरणाऱ्या बॅटऱ्या थंडीत अधिक बऱ्या चालतात. चीनच्या सीएटीएल कंपनीने २०२१ साली अशी बॅटरी जाहीर करताना, उणे २० अंशांनाही ती नव्वद टक्क्यांहून अधिक क्षमता टिकवते, असा दावा केला. आपल्याकडे पुण्याच्या आयसर या संस्थेच्या सहकार्याने विकसित केलेले सोडियम-आयन बॅटरीचे तंत्रज्ञान केपीआयटी कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले. भारतालाही या संशोधनाची गरज आहे. पुण्याजवळ रांजणगावला तयार होणारी टाटांची 'नेक्सॉन' ही विजेची मोटार २०२२ च्या सप्टेंबरमध्ये लडाखच्या उमलिंग ला खिंडीत, १९,००० फुटांहून अधिक उंचीवर, चढून गेली. पण लडाखची खरी परीक्षा जानेवारीत असते. तेव्हा द्रासचा पारा उणे २० अंशांच्याही खाली जातो.

घर तापवायचे की माणूस?

वऱ्हाडात थंडी पडली तर आपण सगळे घर तापवत बसत नाही. गोधडी पांघरतो, नाहीतर शेकोटीभोवती बसतो. म्हणजे आपण हवा न तापवता माणूस तापवतो. विजेच्या मोटारीतही ही युक्ती चालते. आसनात बसवलेली तापणारी तार साधारण ५० ते १०० वॅट घेते. चार आसनांची मिळून झाली फार तर ४०० वॅट. सगळी हवा तापवण्याच्या ५,००० वॅटपुढे ती किरकोळच. पाठ आणि हात उबदार असले, तर आतली हवा २० अंशांऐवजी १५ अंशांवर ठेवूनही माणूस सुखात राहतो.

हिमवादळात रस्ता बंद पडला आणि मोटार तेथेच अडकली तर? अशी भीती पुष्कळांना वाटते. तिचेही गणित करू. बॅटरी निम्मी, म्हणजे २२ युनिट, शिल्लक आहे. जपून वापरले आणि तासाला दोन युनिटांत भागवले, तर अकरा तास ऊब मिळेल. शिवाय पेट्रोलचे इंजिन चालू ठेवले आणि धुराची नळी बर्फाने बुजली, तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरण्याचा धोका असतो. विजेच्या मोटारीत तो नाही. मात्र बॅटरी जवळजवळ संपत आली असताना अडकलात, तर खरेच कठीण आहे.

वर्गात करून पाहण्यासारखे

एक: बॅटरीतील साध्या सेलची जोडी प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून बर्फ आणि मीठ यांच्या मिश्रणात अर्धा तास ठेवावी. हे मिश्रण शून्याच्या खाली दहा-पंधरा अंशांपर्यंत जाते. तशीच दुसरी जोडी बाहेर ठेवावी. दोन्हींवर तारेचा, म्हणजे जुन्या पद्धतीचा, बॅटरीतला दिवा लावून उजेड ताडून पाहावा. मग गार जोडी हातात धरून ऊब द्यावी आणि पुन्हा पाहावे. हा प्रयोग मोबाइलच्या किंवा कोणत्याही लिथियम बॅटरीवर मुळीच करू नये.

दोन: सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून दहा-बारा वेळा पंप मारावा आणि टोकाला हात लावावा. दाबल्याने हवा तापते, हे कळेल. मग मनगटावर स्पिरिटचा थेंब टाकून फुंकावे. उडून जाणारा द्रव उष्णता घेऊन जातो, हेही कळेल. उष्णता पंपाची दोन्ही अंगे समजली.

तीन: घरच्या विजेच्या बिलावरून रोजचा सरासरी खर्च काढावा आणि तासाला पाच युनिट घेणारा हीटर तेवढ्यात किती वेळ चालेल, ते सांगावे. उत्तर ऐकून मुले चकित होतील.

आणि अकोल्याच्या उन्हाळ्यात?

आपल्याकडे उणे २० अंश कधीच येणार नाही. पण मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर चढतो. तेव्हा तेच यंत्र उलट दिशेने चालवावे लागते. आत २५ अंश हवे असेल, तर फरक २० अंशांचा आहे, उणे २० च्या थंडीतल्या फरकाच्या निम्मा. उन्हाची तिरीप काचांतून आत येते, तिचा भार वेगळा. तरीही एसीचा खर्च हीटरपेक्षा कमी पडतो. ट्रिपल एच्या २०१९ च्याच चाचणीत ३५ अंशांना एसी लावून पल्ला १७ टक्क्यांनी घटला होता, थंडीतल्या ४१ टक्क्यांच्या निम्म्याहूनही कमी. मात्र बॅटरीच्या आयुष्याच्या दृष्टीने पाहिले, तर थंडी तिला तात्पुरती मंद करते, पण दीर्घकाळचा उन्हाळा तिला झिजवतो. म्हणून वऱ्हाडात मोटार सावलीत उभी करणे आणि भर दुपारी तापलेल्या बॅटरीला घाईने चार्ज न करणे, हे आपले हिवाळ्याइतकेच महत्त्वाचे पथ्य ठरेल.

शेवटी मुलांसाठी एक प्रश्न. शकुंतलेच्या इंजिनात ड्रायव्हरला फुकट ऊब मिळे, पण मे महिन्यात त्याच भट्टीपुढे त्याचे काय होत असेल? फुकट मिळालेली उष्णता नको असेल तेव्हा परतही करता येत नाही. विजेच्या मोटारीत उबेचे पैसे मोजावे लागतात खरे, पण हवी तेव्हा हवी तेवढीच ऊब घेता येते. कोणता सौदा बरा, यावर वर्गात वाद घडवून आणावा. फक्त अट एकच. प्रत्येकाने आपली बाजू युनिटांत मांडावी.